शेवटच्या अल्बमनंतर

पेंटाग्राम या मुंबईच्या रॉक बँडचा ‘ब्लडीवूड’ हा अल्बम २०११ साली आला. त्यानंतर त्यांचा नवा अल्बम नाही. नाशकात हा बँड जीव लावून ऐकणारे फार कधीच नव्हते. पण जे आहेत ते कॉलेज रोडवर, गंगापूर रोडवरच्या एखाद्या कॅफेत किंवा देवळाली कॅम्पात कुणाच्या गच्चीवर भेटले, की बोलणं फिरून फिरून याच एका वर्षावर येतं. गायक विशाल ददलानीनं सिनेमापायी बँड वाऱ्यावर सोडला, असं म्हणणारा एक गट आहे. बँडपाशी सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं, उगाच सिनेमाला कशाला बोल लावता, असं म्हणणारा दुसरा. वयानं सगळे आता चाळिशी-पन्नाशीचे. कुणी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, कुणी बँकेत, कुणी स्वतःचे क्लासेस चालवणारा. एरवी शांत असलेली ही माणसं या विषयावर आवाज चढवतात, कारण हा वाद त्यांच्या विशीचा आहे.

मला हा वाद थट्टेवारी नेण्यासारखा वाटत नाही. एखादा बँड उतरणीला का लागतो, हा प्रश्न कला कशावर जगते इथपर्यंत जातो. म्हणून आवडीनिवडी जरा बाजूला ठेवून आधी साल आणि काम समोरासमोर मांडून पाहिलं.

पेंटाग्राम १९९४ मध्ये उभा राहिला. विशाल ददलानी गायला, रँडॉल्फ कोरेया गिटारवर, पापल माने बेसवर, शिराझ भट्टाचार्य ड्रम्सवर. ‘वी आर नॉट लिसनिंग’ १९९६ मध्ये आला, ‘अप’ २००२ मध्ये, ‘इट्स ओके, इट्स ऑल गुड’ २००७ मध्ये आणि ‘ब्लडीवूड’ २०११ मध्ये. सतरा वर्षांत चार अल्बम. याच काळात विशालनं शेखर रावजियानीबरोबर सिनेमाला संगीत द्यायला सुरुवात केली. ‘प्यार में कभी कभी’ हा त्यांचा पहिला चित्रपट १९९९ चा. ‘झंकार बीट्स’ २००३ मध्ये आला आणि विशाल-शेखर हे नाव घरोघरी गेलं.

आता ही दोन्ही टिपणं शेजारी ठेवा. ‘अप’च्या पुढच्याच वर्षी ‘झंकार बीट्स’. ‘इट्स ओके’ आणि ‘ओम शांती ओम’ एकाच वर्षी. ‘ब्लडीवूड’ आणि ‘रा.वन’ही एकाच वर्षी. सिनेमाचं काम वाढत गेलं तसा बँड मागं हटला असता, तर सर्वांत मोठी पोकळी शेवटी दिसायला हवी होती. या चार अल्बमांपुरतं पाहिलं, तर सर्वांत लांब खंड दिसतो तो १९९६ ते २००२ हा सहा वर्षांचा, म्हणजे सिनेमा जेमतेम सुरू होत होता तेव्हाचा. उलट, सिनेमा भरात असताना अल्बमांमधलं अंतर कमी कमी होत गेलं आहे. विशालला दोषी धरणाऱ्या गटापुढं हे मांडलं, तेव्हा क्षणभर शांतता झाली. मग त्यांच्यातल्या सर्वांत चिकट माणसानं विचारलं, ठीक आहे, पण २०११ नंतरचं काय?

त्याचा प्रश्न खरा आहे. ‘चेन्नई एक्सप्रेस’ २०१३ चा, ‘सुलतान’ २०१६ चा, ‘वॉर’ २०१९ चा, ‘पठाण’ २०२३ चा. सिनेमाची ही बाजू भरत गेली आणि अल्बमांची ओळ २०११ वर थांबली. मग आधी जे जमत होतं ते पुढं का जमलं नाही?

माझं मत असं. सिनेमाचं गाणं कुणीतरी मागितलेलं असतं. प्रसंग ठरलेला असतो, तारीख ठरलेली असते, दिग्दर्शकानं मान हलवली की काम पुढं सरकतं. बँडचं गाणं कुणीच मागितलेलं नसतं. चार माणसं एका खोलीत बसतात, तासन् तास एकच तुकडा वाजवतात, एकाला पटतं, दुसऱ्याला पटत नाही, तिसरा गप्प राहतो आणि चौथा घरी जायचं म्हणतो. त्यातून गाणं निघालंच तर निघतं. या कामाला रिकामा वेळ लागतो, आणि त्याहून जास्त लागतो तो एकमेकांचा नकार ऐकून घेण्याचा धीर. विशीत तो धीर फुकट मिळतो, कारण दुसरीकडे जायला जागाच नसते. चाळिशीत प्रत्येकाला आपापली जागा मिळालेली असते, जिथं त्याच्या शब्दाला लगेच होकार येतो.

पण म्हणून ‘बँडपाशी काही उरलंच नव्हतं’ हा दुसऱ्या गटाचा दावाही टिकत नाही. तो खोडायला रँडॉल्फचं काम पुरेसं आहे. मोनिका डोग्राबरोबरच्या त्याच्या ‘शायर अँड फंक’ या जोडीचे तीन अल्बम पाहा : ‘न्यू डे’ २००७, ‘लाइट ट्राइब’ २००८, ‘मँटिस’ २०१०. चार वर्षांत तीन. म्हणजे सुचणं आटलं नव्हतं, दोघांत ते लवकर पार पडत होतं एवढंच. चौघांचं एकमत हीच महागडी गोष्ट होती. ती परवडेनाशी झाली आणि बँड थांबला. माझ्या कानाला ‘इट्स ओके, इट्स ऑल गुड’ हा त्यांचा सर्वांत अस्सल अल्बम वाटतो, आणि त्याचं कारण हेच की त्यात चौघांची झटापट ऐकू येते. इलेक्ट्रॉनिक ठेका गिटारला रेटतो, गिटार उलटून धडक देते आणि विशालचा आवाज दोन्हींच्या मधून वाट काढतो. ‘ब्लडीवूड’ सफाईदार आहे, मला आवडतोही; पण त्यात हात सराईत झाल्याचं जाणवतं. तिथं कुणी कुणाला अडवलेलं नाही.

या वादात एक गंमत अशी की आज ‘अप’ला डोक्यावर घेणाऱ्यांपैकी काहींनी २००२ मध्ये तो अल्बम आल्या आल्या नाकं मुरडली होती. गिटारच्या बँडनं कॉम्प्युटरचे आवाज का घ्यावेत, हे रॉक नव्हेच, असं म्हणणं होतं. तेव्हाही ‘बँड संपला’ हेच शब्द होते. त्यानंतर हा बँड ग्लॅस्टनबरीच्या महोत्सवात वाजवून आला.

पेंटाग्रामच्या आधीची पिढी हे शब्द आणखी एका बँडसाठी वापरते आणि तिथं प्रकरण जास्त खोल आहे. रॉक मशीन. मुंबईत १९८४ साली उभा राहिलेला हा बँड. महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर, मार्क सेल्विन बेसवर, मार्क मेनेझिस ड्रम्सवर, झुबिन बालापोरिया कीबोर्डवर आणि गायला उदय बेनेगल. हा बँड नाशकातल्या माणसाला कसा भेटला असेल, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. देवळाली छावणी, तिथलं १९२५ सालचं बार्न्स स्कूल, नाशिकरोड आणि इगतपुरीच्या रेल्वे वसाहती, चर्चमधली पियानोची पेटी. या भागांत गिटार परकी नव्हती. पण गावात, पंचवटीत किंवा इंदिरानगरात राहणाऱ्या मुलाला रॉक ऐकायचं तर कुणाच्या तरी मावसभावानं परदेशातून आणलेली कॅसेट, तिची कॉपी, त्या कॉपीची कॉपी. गिटार हवी तर ‘गिव्हसन’, आणि जरा बरी हवी तर मुंबईला धोबीतलावच्या फुर्टाडोजमध्ये जाऊन काचेतून बघून परत यायचं.

धोबीतलावलाच रंगभवन होतं. सेंट झेवियर्सला लागून असलेलं सरकारी खुलं नाट्यगृह. फरहाद वाडियांनी १९८६ मध्ये सुरू केलेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तिथं भरायचा. नाशकाहून सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं जाता यायचं. पण परतीची पंचवटी संध्याकाळी सुटते, तेव्हा रंगभवनात नुकता कुठं रंग चढत असायचा. म्हणून मग रात्रीची कुठली तरी मेल पकडायची, कसारा घाटात उभ्या उभ्या डुलक्या घ्यायच्या आणि उजाडायच्या आत नाशिकरोडला उतरायचं. अंगावर काळा टी-शर्ट, कानात शिट्टी वाजल्यासारखा आवाज आणि सकाळी आठला आरवायके कॉलेजात प्रॅक्टिकल.

रंगभवनातल्या गर्दीला हवी असायची परदेशी बँडांची गाणी. डीप पर्पल वाजवा, मेडन वाजवा. आपली स्वतःची गाणी वाजवणाऱ्याला ओरडून खाली उतरवायला ही गर्दी कमी करत नसे. त्या काळात रॉक मशीननं स्वतःची गाणी वाजवण्याचा हट्ट धरला, हे त्यांचं सर्वांत मोठं काम, आणि माझ्या मते ते कुठल्याही एका गाण्याहून मोठं. ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ १९८८ मध्ये आला, ‘द सेकंड कमिंग’ १९९० मध्ये. मग १९९३ मध्ये बँडनं नाव बदललं : इंडस क्रीड. त्यांच्या ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्हीच्या पुरस्कारांत आशियातल्या प्रेक्षकांची पसंती मिळाली. केबल नुकती नाशकात आलेली. भारतीय मुलं परदेशी वाहिनीवर, आणि तीही नक्कल न करता, हे बघून आमच्या गल्लीत काय वाटलं ते आता शब्दांत पकडणं कठीण आहे. ‘इंडस क्रीड’ याच नावाचा अल्बम १९९५ मध्ये आला आणि १९९७ मध्ये बँड मोडला.

मग सुरू झाले ते ‘साइड प्रोजेक्ट’. उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले आणि ‘आम्स फॉर शांती’ या नावानं हिंदी-इंग्रजी मिसळीचं काम करू लागले. पुढं उदय आणि महेश तिनईकरांनी ‘व्हर्लिंग कलापाज’ हा अकूस्टिक बाजाचा बँड चालवला. मूळ बँडच्या चाहत्यांनी याकडं फारसं लक्ष दिलं नाही. त्यांना वाट होती ती फक्त जुन्या नावाची. ती वाट २०१० मध्ये संपली. इंडस क्रीड पुन्हा एकत्र आला, बेसवर रशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी हे नवे सोबती घेऊन. २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आला. आधीच्या अल्बमनंतर सतरा वर्षांनी. त्याचं मिक्सिंग केलं टिम पामर यांनी, ज्यांनी पर्ल जॅमच्या ‘टेन’चं केलं होतं.

‘इव्हॉल्व्ह’वर नाशकात झालेला एक वाद मला आठवतो तो त्यातल्या दोन वयांमुळे. एक पन्नाशीचे गृहस्थ, ज्यांच्या कपाटात ‘द सेकंड कमिंग’ची कॅसेट अजून आहे. दुसरा ड्रम्स शिकलेला पंचविशीचा मुलगा.

“काका, तुम्ही पूर्ण ऐकलात का तो?”

“तीन गाणी ऐकली. ते नाही राहिलं रे आता.”

“ते म्हणजे काय?”

काकांना सांगता येईना. मुलगा मात्र जय रो कवीचा ठेका कसा पुढं-मागं सरकतो, उदयचा आवाज आधीपेक्षा खाली उतरून किती भरदार झालाय, महेश तिनईकरांची गिटार आता कमी बोलते पण नेमकं बोलते, हे टेबलावर बोटं वाजवत दाखवत होता. मी मुलाच्या बाजूनं आहे. ‘इव्हॉल्व्ह’ हा इंडस क्रीडचा सर्वांत परिपक्व अल्बम आहे, असं माझं ठाम म्हणणं आहे. गाणी लांब आहेत, पहिल्या फेरीत हाताला लागत नाहीत, ‘प्रिटी चाइल्ड’सारखं लगेच गुणगुणता येईल असं त्यात फार थोडं आहे. पण पंचेचाळिशीच्या माणसांनी पंचविशीतल्यासारखं वाजवावं ही अपेक्षाच मुळात चुकीची. बँडनं सतरा वर्षांचं जगणं त्यात ओतलं आणि ऐकणाऱ्यांनी तीन गाण्यांत निकाल दिला. पेंटाग्रामच्या बाबतीत बँड थांबला. इथं ऐकणारे थांबले. या दोन अगदी वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव देतो आणि मग वाद कुठंच पोचत नाही.

मराठी वाचकाला हा सगळा प्रकार इंग्रजी बोलणाऱ्या दक्षिण मुंबईचा वाटेल, तर त्याला नंदू भेंडे यांची आठवण करून द्यायला हवी. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा सत्तरच्या दशकातल्या मुंबईत रॉक बँडांचा गायक होता. ‘सॅव्हेज एन्काउंटर’, ‘व्हेल्वेट फॉग’, ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ ही त्यातली नावं. ती तीच मुंबई, जिथं १९७२ मध्ये कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट येऊन वाजवून गेले. अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये १९७४ साली नंदू भेंडे यांनी जुडास उभा केला. आणि १९७८ मध्ये पु. ल. देशपांड्यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली, ते मराठी रंगमंचावर रॉकच्या अंगानं गायले. पुढं सिनेमा झाला, मालिकांचं संगीत झालं. २०१४ च्या एप्रिलमध्ये ते गेले.

त्यांच्या रॉकच्या चाहत्यांना हे नाटक-सिनेमा म्हणजे फाटे वाटत असतील. माझ्या मते मराठी कानांपर्यंत रॉक पोचवणारी वाट नेमकी त्या फाट्यातून गेली. ‘तीन पैशाचा तमाशा’ पाहिलेला, इंग्रजी गाण्याशी काडीचा संबंध नसलेला प्रेक्षक ते सूर घेऊन घरी गेला. मूळ बँड टिकला असता तर हे घडलं नसतं. साइड प्रोजेक्टला सरसकट गद्दारी म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण दरवेळी देतो. ते ऐकून घेतात, पटलं असं म्हणत नाहीत.

नाशकातले वाजवणारे मात्र या वादात फारसे पडत नाहीत, आणि त्याचं कारण त्यांच्या वहीत लिहिलेलं असतं. इथं कॉलेजात बँड काढणारी मुलं आहेत, चांगली आहेत. नवरात्राच्या नऊ रात्री ती गरब्याच्या मंचावर वाजवतात, लग्नसराईत संगीत-संध्या करतात, गणपतीत कुणी ढोल पथकात जातं, उरलेल्या वर्षभर गिटारच्या शिकवण्या. यातून अ‍ॅम्प्लिफायर येतो, जागेचं भाडं जातं, आणि महिन्याकाठी एखाद्या रविवारी स्वतःच्या गाण्याची तालीम होते. त्यांच्यासाठी बँड हाच साइड प्रोजेक्ट आहे. सुला द्राक्षमळ्यात २००८ पासून ‘सुलाफेस्ट’ भरू लागल्यावर नाशकाला मोठा मंच घरापाशी पाहायला मिळाला, पण एखाद्या महोत्सवावर कुणाचं वर्ष निघत नाही. यातल्या एका गिटारवाल्याला मी पेंटाग्रामबद्दल विचारलं. त्याचं उत्तर सरळ होतं : सिनेमाचे पैसे आले नसते तर बँड आणखी लवकर बंद पडला असता. हिशेब माहीत असलेल्या माणसाचं हे मत आहे आणि बँडच्या चार अल्बमांच्या तारखा त्याच्या बाजूनं बोलतात.

रंगभवनाचं पुढं काय झालं हेही यात मोजायला हवं. आसपास रुग्णालय आणि महाविद्यालय, म्हणून ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार शांतता क्षेत्र लागू झालं आणि २००० नंतरच्या काही वर्षांतच तिथल्या मैफली बंद पडल्या. रुग्णांची बाजू रास्त होती, त्याबद्दल तक्रार नाही. पण कमी तिकिटात हजारो पोरांना एकत्र आणणारी तशी दुसरी जागा मुंबईनं उभी केली नाही. बँडची उतरण मोजताना त्याच्या पायाखालचा मंचच काढून घेतला होता, हे आपण विसरतो.

हाच वाद मराठी संगीताच्या मोठ्या अंगणातही चालतो. अजय-अतुल यांचं ‘सैराट’ २०१६ मध्ये आलं. लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर वाद्यवृंद घेऊन ध्वनिमुद्रण केलेलं ते संगीत गावागावांतल्या वरातींत वाजलं. त्यानंतर ‘धडक’, ‘झिरो’, ‘पानिपत’ असे हिंदी चित्रपट, मोठ्या मैफली, ‘इंडियन आयडॉल मराठी’चं परीक्षकपद. आणि कट्ट्यावर लगेच सूर : ‘जोगवा’तली ओल गेली, आता नुसता भव्यपणा उरला. ‘जोगवा’चं संगीत माझ्याही फार जवळचं आहे, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच. पण हे म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी २०२३ चं ‘महाराष्ट्र शाहीर’ शांत बसून ऐकलं? मी विचारतो तेव्हा बहुतेकांचं उत्तर एखाद-दुसऱ्या गाण्यापाशी संपतं. काकांची तीन गाणी इथंही पाठ सोडत नाहीत.

जगभरात हेच आहे. मेटॅलिकाच्या ‘सेंट अँगर’वर २००३ मध्ये चाहते तुटून पडले, स्नेअर ड्रमच्या पत्र्यासारख्या आवाजावरून आजही भांडतात. पण तो बँड २०११ च्या ऑक्टोबरमध्ये बंगळूरला आला, तेव्हा महाराष्ट्रातून तिकडं गेलेल्यांत त्या अल्बमला शिव्या घालणारे पुष्कळ होते. रोलिंग स्टोन्स २००३ मध्ये मुंबईत आले, तेव्हा साठीच्या घरातल्या माणसांचे नवे अल्बम कुणी विचारत नव्हतं. लोकांना जुनी गाणी हवी होती, ती मिळाली, सगळे खूश होऊन घरी गेले. मला हा प्रकार सर्वांत घातक वाटतो. नवीन काही न मागणाऱ्या चाहत्यांनी वेढलेला बँड आपल्याच जुन्या गाण्यांचा वाद्यवृंद होऊन बसतो आणि त्यालाच आपण निष्ठा म्हणतो.

म्हणून पेंटाग्राम पुन्हा मंचावर आला तर काय ऐकायचं, या कट्ट्यावरच्या प्रश्नाला माझं उत्तर बाकीच्यांहून वेगळं असतं. बहुतेकांना पहिल्या तीन अल्बमांतली गाणी हवीत, त्याच क्रमानं, त्याच वेगानं. मला पाचवा अल्बम हवा आहे. त्यात सिनेमानं शिकवलेलं काही दिसलं तरी चालेल, ‘शायर अँड फंक’मधलं काही आलं तर उत्तमच. पन्नाशी ओलांडलेल्या विशालला आता कशाचा राग येतो, पापल मानेचा बेस आता कुठं थांबतो, हे मला ऐकायचं आहे. चौघांनी खोलीत बसून एकमेकांना नाही म्हटलेलं असावं. एवढं करून तो अल्बम फसला, तर फसलेला तो अल्बम मी शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकेन, मग कॉलेज रोडवर जाऊन त्याच्यावर भांडेन. काकांनाही बोलावणार आहे, पण या वेळी सगळी गाणी ऐकून यायची अट आहे.